पत्ता बदलणाऱ्या संगणकापर्यंत पोहोचायचे कसे?

बिद्री (ता. कागल) : दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरील बिद्रीचे नाव जिल्ह्यात सर्वपरिचित आहे. मुदाळतिट्टा, मुरगूडपर्यंतच्या या पट्ट्यात ऊस आणि दूध या दोन गोष्टींवर घराघरांचे अर्थकारण चालते. उसाचे पैसे हंगामात येतात. दुधाचे बिल मात्र दर दहा दिवसांनी हाती पडते आणि किराणा, औषधपाणी, शाळेचा खर्च त्यातूनच भागतो.

या परिसरातील एखाद्या दूध संस्थेचे कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. सकाळ-संध्याकाळच्या संकलनात कोणी किती लिटर दूध घातले, फॅट किती लागली, पशुखाद्याची उधारी किती राहिली, याची नोंद तेथील एका संगणकात होते. हाच संस्थेचा सर्व्हर, म्हणजे इतरांना माहिती पुरवणारा संगणक. बिलाच्या आदल्या दिवशी सचिवांना नातेवाइकाच्या उपचारासाठी कोल्हापुरात थांबावे लागले. सायंकाळी त्यांनी तेथून संस्थेच्या संगणकाचा इंटरनेटवरील क्रमांक टाकला आणि हिशेब तपासला. रात्री वळवाचा पाऊस झाला, वीज गेली, पहाटे आली. सकाळी तोच क्रमांक टाकला, तर उत्तर नाही. कार्यालयात फोन केला, तर संगणक सुरू, इंटरनेट सुरू, संकलनही सुरळीत. बिघाड कुठेच नव्हता. रात्रीतून फक्त पत्ता बदलला होता.

हे उदाहरण कल्पित असले तरी ही अडचण छोट्या कार्यालयांत, दुकानांत, शेतावरच्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत नेहमी येते. तिचे उत्तर जुने आणि सोपे आहे. मात्र ते अर्धवट समजून अमलात आणले, तर संगणकापर्यंत मालकाच्या आधी चोर पोहोचण्याची शक्यता असते.

पत्ता बदलतो का?

इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीला एक क्रमांक लागतो. त्यालाच आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. उदाहरणार्थ, २०३.०.११३.४५. प्रदीर्घ काळ वापरात असलेल्या आयपी आवृत्ती ४ मध्ये असे सुमारे ४२९ कोटी क्रमांक शक्य आहेत. १९८० च्या दशकाच्या आरंभी ही पद्धत आली, तेव्हा एवढे क्रमांक कधी संपतील असे कोणाला वाटले नव्हते. आज जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या पुढे आहे आणि एकेका घरात चार-पाच उपकरणे इंटरनेटला जोडलेली असतात. जागतिक पातळीवर क्रमांकांचे वाटप पाहणाऱ्या संस्थेकडील शेवटचे मोठे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले. आशिया-प्रशांत विभागाचा साठाही त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या गटावर आला.

तुटवड्याच्या वस्तूचे होते तेच क्रमांकांचे झाले. ते मालकीने न देता तात्पुरते वापरायला देण्याची पद्धत रुळली. ग्राहकाचा राउटर सुरू झाला की सेवा देणारी कंपनी आपल्या साठ्यातील एक मोकळा क्रमांक त्याला ठरावीक मुदतीसाठी देते. वीज गेली, तार तुटली, राउटर बंद करून सुरू केला किंवा कंपनीने आपल्या यंत्रणेत फेरफार केला, की पुढच्या वेळी दुसरा क्रमांक मिळू शकतो. संकेतस्थळे पाहणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही, कारण तो बाहेर जात असतो. त्याच्याकडे कोणी येत नसते. बाहेरून आत येऊ पाहणाऱ्याची मात्र पंचाईत होते.

आणखी एक गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते. सुटलेला क्रमांक रिकामा पडून राहत नाही. तो दुसऱ्या कुणा ग्राहकाला मिळतो. सचिवांनी जुना क्रमांक टाकला तेव्हा ते अनोळखी माणसाचे दार ठोठावत होते. तेथे कोणी उत्तर दिले असते आणि सचिवांनी खात्री न करता पासवर्ड टाकला असता, तर संस्थेच्या हिशेबाची किल्ली परक्याच्या हाती गेली असती.

टोळी, मुकादम आणि गट कार्यालय

यावरचा उपाय समजण्यासाठी ऊसपट्ट्यातील वाचकाला दूर जायला नको. हंगामात ऊसतोडणीची टोळी आज एका फडात, तर परवा दुसऱ्या शिवारात असते. ट्रॅक्टरचालक टोळीचा ठावठिकाणा पाठ करून ठेवत नाही. त्याला मुकादमाचे नाव ठाऊक असते. टोळी हलली की मुकादम कारखान्याच्या गट कार्यालयाला कळवतो आणि चालक तेथे विचारून थेट नव्या फडावर जातो. ठिकाण बदलते, नाव कायम राहते आणि दोहोंची सांगड घालणारी नोंद एका जागी ताजी ठेवली जाते.

इंटरनेटवर हे गट कार्यालय डीएनएस या व्यवस्थेच्या रूपात आहे. पूर्वी अमेरिकेतील एका संशोधन संस्थेत सर्व संगणकांची नावे आणि क्रमांक यांची एकच यादी ठेवली जात असे आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तशी ती यादी हाताबाहेर गेली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची नोंद अनेक ठिकाणी विभागून ठेवणारी डीएनएस पद्धत मांडली. आजही संकेतस्थळाचे नाव टाकले की संगणक प्रथम डीएनएसला क्रमांक विचारतो आणि मग तिकडे जातो.

या पद्धतीत नोंदी हाताने बदलल्या जातील, त्याही क्वचित, असे गृहीत होते. नोंद आपोआप बदलण्याचा सर्वमान्य नियम एप्रिल १९९७ मध्ये आरएफसी २१३६ या दस्तऐवजाने घालून दिला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमधील विद्यार्थ्यांनी सामान्य ग्राहकांसाठी डिनडीएनएस ही सेवा सुरू केली. बदलत्या पत्त्याला कायमचे नाव देणाऱ्या या सोयीला डायनॅमिक डीएनएस म्हणतात.

तिचे काम असे चालते. संस्थेने अशा एखाद्या सेवेकडे एक नाव नोंदवायचे. संस्थेच्या राउटरमध्ये किंवा संगणकात एक छोटा प्रोग्राम मुकादमाचे काम करतो. दर काही मिनिटांनी तो आपला बाहेरचा क्रमांक पाहतो आणि बदल दिसताच सेवेला ओळख पटवून नवा क्रमांक कळवतो. बाजारातील बऱ्याच राउटरमध्ये ही सोय आधीच असते. सेटिंगमध्ये 'डीडीएनएस' या नावाखाली ती सापडते. कोल्हापुरात बसलेल्या सचिवांनी मग क्रमांक विसरून केवळ नाव टाकायचे.

चालकाने काल विचारलेल्या ठिकाणावर आज विसंबून चालत नाही, तसेच येथेही आहे. मिळालेले उत्तर किती वेळ ग्राह्य धरावे, याची मुदत प्रत्येक नोंदीसोबत असते. साध्या संकेतस्थळासाठी ती काही तासांची असली तरी बिघडत नाही. बदलत्या पत्त्यासाठी मात्र ती एक ते पाच मिनिटे ठेवतात. नाव बरोबर असूनही जोडणी होत नसेल, तर काही मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न करणे शहाणपणाचे ठरते.

दारापासून खोलीपर्यंत

नावाने पत्ता मिळाला, तरी तो राउटरचा असतो. संस्थेतील संगणक, छपाई यंत्र, कॅमेरा ही सर्व उपकरणे त्या एका पत्त्यामागे असतात, जणू एकाच दिंडी दरवाजाच्या वाड्यातील खोल्या. प्रत्येकीला १९२.१६८.१.१० असा आतला क्रमांक असतो, पण तो वाड्याबाहेर चालत नाही. कोणत्या कामासाठी आलेल्याला कोणत्या खोलीत पाठवायचे, हे राउटरला सांगून ठेवावे लागते. या सूचनेला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. त्यासाठी सर्व्हरचा आतला क्रमांक राउटरमध्ये कायम करून ठेवावा. नाहीतर बाहेरचा प्रश्न सुटून आतला उभा राहतो.

चाचणी घेताना बरेच जण एक चूक करतात. कार्यालयातील वाय-फायवरूनच ते बाहेरचे नाव टाकून पाहतात. अनेक राउटर आतल्याला बाहेरून फिरवून पुन्हा आत आणत नाहीत. त्यामुळे सर्व काही ठीक असूनही जोडणी अयशस्वी झाल्यासारखी दिसते. खरी चाचणी वाय-फाय बंद करून मोबाइलच्या इंटरनेटवरूनच घ्यावी.

वारणेचा अनुभव

गावातून दूरच्या संगणकातील नोंद पाहण्याचा प्रयत्न कोल्हापूर जिल्ह्याला नवा नाही. १९९८ मध्ये वारणानगर परिसरात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांसाठी तो आखला होता. ऊस उत्पादकाला गावातल्या केंद्रावर आपल्या उसाची नोंद, तोडणीची परवानगी, भरलेले वजन पाहता यावे आणि त्यासाठी कारखान्यापर्यंत हेलपाटा पडू नये, हा त्यामागचा हेतू होता.

संगणक जुने होत गेले, देखभालीचा खर्च वाढला. तेव्हा मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी कारखान्यासोबत वेगळा प्रयोग केला. सात गावांमध्ये संगणकाऐवजी मोबाइल फोन देण्यात आले. शेतकऱ्याच्या क्रमांकासह एसएमएस पाठवायचा. कारखान्यातील संगणकाला जोडलेला मोबाइल तो स्वीकारणार, संगणक नोंद शोधणार आणि उत्तर एसएमएसनेच परत येणार. या प्रयोगावरील निबंध २००७ मध्ये 'वारणा अनवायर्ड' या नावाने प्रसिद्ध झाला.

बदलत्या पत्त्याच्या दृष्टीने पाहिले तर या प्रयोगातील एक गोष्ट नजरेत भरते. कारखान्याचा संगणक इंटरनेटवर कोणत्या क्रमांकाने वावरतो, याच्याशी शेतकऱ्याला कर्तव्यच नव्हते. सिमकार्डाचा क्रमांक वीज गेली म्हणून बदलत नाही. गावकऱ्याला स्थिर खूण मिळाली की पुढची यंत्रणा कशीही हलली तरी चालते. डायनॅमिक डीएनएस तेच काम नावाच्या आधारे करते.

नाव आहे, तरी वाट नाही

डायनॅमिक डीएनएस बिनचूक बसवूनही बाहेरून जोडणी होत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. दोष बहुधा त्यांचा नसतो. क्रमांकांच्या टंचाईमुळे अनेक कंपन्या एकच बाहेरचा क्रमांक कित्येक ग्राहकांमध्ये वाटून देतात. मोबाइल इंटरनेटवर ही पद्धत सर्रास आहे. म्हणजे संस्थेचा वाडा स्वतःच एका मोठ्या वसाहतीत असतो आणि वसाहतीच्या फाटकावरील पहारेकरी कंपनीचा असतो. बाहेरून आलेल्याला कोणत्या वाड्यात पाठवायचे, याची सूचना ग्राहक त्याला देऊ शकत नाही. या व्यवस्थेसाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत आरंभ असलेले क्रमांक एप्रिल २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आले.

आपण अशा वसाहतीत आहोत का, हे ओळखणे सोपे आहे. राउटरच्या माहितीपानावर बाहेरील जोडणीचा क्रमांक दिसतो. 'माझा आयपी' दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणारा क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावा. दोन्ही एकच असतील तर डायनॅमिक डीएनएस चालेल. वेगळे असतील, विशेषतः राउटरवरील क्रमांक वर सांगितलेल्या गटातील किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर त्याचा उपयोग होणार नाही.

अशा वेळी चार मार्ग उरतात. पहिला मार्ग म्हणजे कंपनीकडून जादा शुल्क भरून कायमचा क्रमांक घेणे. संस्थेच्या नावे जोडणी असेल तर याची चौकशी आधी करावी. दुसरा मार्ग आयपी आवृत्ती ६ चा. त्यात क्रमांक इतके अफाट आहेत की प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र पत्ता देता येतो. भारत ही आवृत्ती वापरण्यात जगातील आघाडीच्या देशांत आहे. मात्र दोन्ही टोकांना ती उपलब्ध हवी आणि तिचे पत्तेही बदलू शकतात, त्यामुळे नावाची गरज संपत नाही.

तिसरा मार्ग दिशा उलटी करण्याचा. ज्या फोनवर बाहेरून कॉल येऊ शकत नाहीत, त्या माणसाने स्वतःच कॉल करून तो चालू ठेवावा, तसे येथे करतात. संस्थेचा संगणक बाहेरील एका स्थिर ठिकाणाशी आपणहून जोडणी करतो. सचिवही तेथेच पोहोचतात आणि दोघांची गाठ पडते. खासगी जाळे म्हणजे व्हीपीएन याच तत्त्वावर उभारता येते. त्यासाठीचा वायरगार्ड हा मुक्त प्रोग्राम मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. एका टोकाचा पत्ता मध्येच बदलला तरी तो जोडणी सांभाळून घेतो.

चौथा मार्ग एनीडेस्कसारख्या तयार प्रोग्रामचा. तेथेही मधली गाठ कंपनीच घालून देते, म्हणून पत्त्याची चिंता उरत नाही. मात्र सोपेपणामुळेच ठगांनाही ही साधने आवडतात. फोनवर गोड बोलून असा प्रोग्राम बसवायला लावायचा आणि खात्यातील पैसे काढायचे, या प्रकाराबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. संस्थेने असे साधन घेतले तर त्याचा क्रमांक आणि पासवर्ड कोणाकडे आहे, याची नोंद ठेवावी आणि फोनवर तो कोणालाही सांगू नये.

उघडे दार सर्वांना दिसते

येथपर्यंतचा भाग सोयीचा झाला. यापुढचा जोखमीचा आहे. राउटरमध्ये दार उघडले की ते केवळ सचिवांसाठी उघडत नाही. इंटरनेटवरील उघडी दारे शोधत फिरणारे स्वयंचलित प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. गाव लहान आहे, संस्था छोटी आहे, आपल्याकडे कोण येणार, हा विचार येथे लागू पडत नाही. शोधणाऱ्याला गाव दिसत नाही, क्रमांक दिसतो.

याचा धडा जगाने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी घेतला. मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने घरोघरचे कॅमेरे, ध्वनिचित्रमुद्रण यंत्रे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्यासाठी त्याने कोणतीही जादू केली नव्हती. कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड ग्राहकांनी बदललेच नव्हते. या उपकरणांच्या फौजेने त्या दिवशी डिन या कंपनीवर हल्ला चढवला आणि अमेरिकेत ट्विटरसह अनेक मोठी संकेतस्थळे काही काळ कोलमडली. डिन म्हणजे डिनडीएनएसचीच कंपनी. बदलत्या पत्त्यांना नाव देणारी कंपनीच नीट कुलूप न लावलेल्या उपकरणांच्या माऱ्याखाली सापडली.

म्हणून काही पथ्ये पाळावीच लागतात. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये. तो व्हीपीएनच्या आत असावा. लिनक्सचा सर्व्हर असेल तर १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी तयार केलेली एसएसएच पद्धत वापरावी आणि पासवर्डऐवजी किल्लीची फाइल ठेवावी. एसएसएच प्रथम जोडणी करताना समोरच्या संगणकाचा ठसा दाखवते आणि तो लक्षात ठेवते. पुढे कधी ठसा बदलल्याचा इशारा आला, तर घाईने 'होय' म्हणू नये. सुटलेला पत्ता परक्याकडे गेल्याचा किंवा कोणी मध्ये शिरल्याचा तो संकेत असू शकतो. राउटर, कॅमेरा आणि सर्व्हर यांचे मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावेत. डायनॅमिक डीएनएस खात्याचा पासवर्डही तितकाच जपावा. तो ज्याच्या हाती, तो संस्थेचे नाव स्वतःच्या संगणकाकडे वळवू शकतो.

नाव दुसऱ्याच्या भरवशावर

नोंद ठेवणारी सेवा परकी असते, हेही विसरता कामा नये. डिनने आपली विनामूल्य सेवा मे २०१४ मध्ये बंद केली, तेव्हा वर्षानुवर्षे त्या नावावर विसंबलेल्यांना धावपळ करावी लागली. त्याच वर्षी जूनअखेर गुन्हेगारी प्रोग्रामांविरुद्धच्या कारवाईत मायक्रोसॉफ्टने न्यायालयाच्या आदेशाने नो-आयपी या सेवेची २२ डोमेन नावे ताब्यात घेतली. ती काही दिवसांत परत करण्यात आली, पण तोवर कोणताही दोष नसलेल्या असंख्य ग्राहकांची नावे निरुपयोगी झाली होती. ज्या संस्थेचे रोजचे काम दुरून चालते, तिने स्वतःचे डोमेन नाव विकत घ्यावे. सेवा बदलावी लागली तरी नाव आपल्याकडे राहते.

आणि शेवटी विजेचा प्रश्न. नाव, पत्ता, किल्ली सारे चोख असले तरी बंद पडलेला संगणक उत्तर देणार नाही. वीज परतताच आपोआप सुरू होण्याची सोय बहुतेक संगणकांच्या मूळ सेटिंगमध्ये असते. ती चालू करावी. राउटर आणि सर्व्हर दोघांनाही यूपीएस द्यावा. नोंदींची एक प्रत रोज दुसरीकडे ठेवावी.

दूध संस्थेतील त्या एका संगणकात गावातील अनेक कुटुंबांच्या दहा दिवसांच्या कष्टाचा हिशेब असतो. तो कोल्हापुरातून पाहता यावा, ही अपेक्षा रास्त आहे आणि तिच्यासाठी फार खर्चही येत नाही. मात्र दार उघडण्यापूर्वी त्याच्या किल्ल्या कोणाकोणाकडे राहणार आणि एखादा कर्मचारी सोडून गेला की त्या कोणी बदलायच्या, हे संस्थेच्या बैठकीत ठरवून ठरावात लिहून ठेवलेले बरे.